बारा ते साडेपाच

९ फेब्रुवारी, सोमवार

धाकटीस,

पाकीट मिळालं. मिळालं की कळव असं लिहिलंस म्हणून कळवते. एरवी कळवलं नसतं.

सात वर्षं तुझ्याकडून एका ओळीचं कार्ड नाही, आणि आता एकदम टाईप केलेले चाळीस कागद. वर चिठ्ठी. की मी पुस्तक लिहिते आहे, जुने ग्रीक लोक काळाविषयी काय विचार करायचे त्यावर, आणि छापणारे म्हणतात न शिकलेल्या माणसाला समजतंय का ते आधी बघा. म्हणून ताई, तू वाच. वा गं वा! अख्ख्या जगात न शिकलेली तुला मीच सापडले. चौथीतून मला काढलं ते तुझा पाळणा हलवायला, हे घालणार आहेस का पुस्तकात?

पाकीट मी उलटंसुलटं करून बघितलं. कडेला डिंक दोनदा लावलाय. तूच परत उघडलंस की मधे कोणी वाचलं? आणि मागे पत्ता कॉलेजचा. घरचा का नाही? मी येऊन बसेन अशी भीती आहे का?

आणि काळच का? दुसरा विषय नव्हता जगात? आपलं दोघींचं फाटलं ते वेळेवरूनच फाटलं. तू म्हणालीस, मी तीनला आले होते, अर्धा तास दार वाजवलं, ताईने उघडलं नाही आणि आत आई गेली. मी म्हणाले, मी जागी होते, कोणी आलं नाही. हे तुलाही पाठ आहे, मलाही. आणि आता तूच मला काळ समजावणार. मी काय दूधखुळी आहे?

वाचीन. लॉन्ड्रीतून दुपारी घरी आले की दोन-दोन पानं वाचीन. पण मला गोड बोलून काही वदवून घ्यायचं असेल तर आत्ताच सांगते, दुसरं दार बघ.

थोरली


२१ फेब्रुवारी, शनिवार

धाकटीस,

चौदा पानं झाली. कळलं ते लिहिते, नाही कळलं तेही लिहिते. तू म्हणालीस खोटं कौतुक नको. माझ्याकडून कौतुकाची आशा ठेवलीस हेच मुळात नवल.

पहिला तो नदीवाला म्हातारा. म्हणतो, एकाच नदीत दोनदा पाय घालता येत नाही, पहिलं पाणी निघून गेलेलं असतं. त्याला आमच्या लॉन्ड्रीत आणून उभा कर. एका पाण्यात तीन घाणे काढतात, आधी डॉक्टरांचे कोट, मग चादरी, शेवटी पुसायची फडकी. पाणी कुठे जात नाही, नुसतं काळं होतं. काही गोष्टी वाहून जात नाहीत म्हणावं त्याला.

मग तो बाणवाला. सुटलेला बाण कुठल्याही एका क्षणी बघितला तर एका जागी असतो, म्हणजे त्या क्षणी थांबलेला. सगळे क्षण असेच, तेव्हा बाण मुळी हललाच नाही. हे मी माझ्या शेजारच्या प्रेसवाल्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याला म्हणावं समोर उभा राहा." आम्ही दोघी इतक्या हसलो की सुपरवायझर बघायला आला. घरी येताना मात्र हसू गेलं. मीही कुठल्याही दिवशी विचारलंस तर इथेच असते, याच खोलीत, याच खुर्चीवर. आणि तरी पन्नाशी आली.

तिसरं ते 'आत्ता'चं. झालं ते आता नाही, व्हायचं ते अजून नाही, मधे उरतो तो आत्ता, आणि त्याला म्हणे रुंदीच नाही. मग काळ आहे तरी कुठे, असं विचारतात. हे कोणी विचारलं? ज्याला काम नाही त्याने. प्रेसचं गरम झाकण खाली येतं आणि हात काढायला जेवढी सवड मिळते ना, तो आत्ता. माझ्या डाव्या मनगटावर त्याचा डाग आहे. दोन बोटं रुंद.

आता खरं बोलते. पान बारा. कोर्टातलं ते पाण्याचं भांडं. बोलणाऱ्याला भांडंभर पाणी, खाली भोक, पाणी संपलं की बोलणं बंद. आणि कोणी मधे पुराव्याचा कागद वाचायला लागला की भोक बंद करायचे, कारण तो वेळ बोलणाऱ्याचा धरायचा नाही. हे मी तीनदा वाचलं. हे कोणावर लिहिलंयस?

मामांच्या घरी सगळे बसले होते, आईला जाऊन चार दिवस झाले होते. तू बोलायला उभी राहिलीस आणि मामांनी भिंतीवरून काढून आणलेला आईचा तक्ता उलगडला. आठ महिने आई अंथरुणावर. एक बाजू पार गेलेली, आणि नर्सने सांगितलेलं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील, आणि बदलली की तक्त्यावर वेळेपुढे खूण करा. मामांनी चष्मा लावून वाचलं. "दोनला खूण. चारला खूण. कूस बदलायला उठणारी बाई दार वाजलेलं ऐकणार नाही? कागद खोटं बोलत नाही पोरी, माणसं बोलतात." तू तोंड उघडलंस तर म्हणाले, "पुरे! आईकडे यायला सवड नाही आणि वर थापा." तुझं पाणी मामांनी तिथेच ओतून टाकलं. मामांनी. मी नाही. मी गप्प होते एवढंच.

आणि एक विचारायचंय. चौदानंतर एकदम सतरा येतं. पंधरा आणि सोळा कुठे आहेत? टाईप करताना चुकलं असं सांगू नकोस, सतराच्या पहिल्या ओळीत "वर सांगितलेले लोक" असं आहे आणि वर कोणी लोकच नाहीत. काय लपवलंस? माझ्याविषयी काही असेल तर मला आधी कळलं पाहिजे.

थोरली


६ मार्च, शुक्रवार

पंधरा-सोळा मिळाली. "कंटाळवाणी वाटतील म्हणून काढली होती" म्हणे. कंटाळवाणी!

एका बेटावर वीरांच्या समाध्या होत्या आणि लोक तिथे जाऊन झोपत. उठले की त्यांना वाटायचं वेळ गेलाच नाही. कारण झोपतानाचा आत्ता आणि उठल्यावरचा आत्ता ते एकाला एक जोडून टाकायचे आणि मधला सगळा काळ गाळायचे. जसं कापडाचं मधलं फाटकं कापून दोन कडा शिवल्या की शिवण दिसते, फाटलेलं दिसत नाही.

कळलं बरं मला. न शिकलेलीला अगदी नीट कळलं.

आधी पानं काढून ठेवायची, म्हणजे मी ती मागावीत. मी मागितली की पाठवायची, म्हणजे मला बोलायला तोंड नको. सरळ विचारायची छाती नाही म्हणून ग्रीसमधून माणसं आणून माझ्या खोलीत झोपवतेस होय?

कोणी सांगितलं तुला? नर्सने? तिला काही माहीत नाही, ती सकाळी नऊला येऊन गेली होती. का दाराच्या फटीतून बघितलंस? आमच्या दाराला फट नाही. मी जागी होते. शंभरदा विचारलंस तरी शंभरदा जागी होते. तक्ता बघ. तो अजून माझ्यापाशी आहे, टाकलेला नाही.

पुढचं वाचणार नाही. तुझे कागद पलंगाखाली सारलेत.


८ मार्च, रविवार

परवाचं पत्र फोडलं नसशील तर फोडू नकोस, तसंच परत पाठव. डोकं दुखत होतं. फोडलं असशील तर वाचलं नाहीस असं समज.

थोरली


१९ मार्च, गुरुवार

धाकटीस,

तुझं दीड पान आलं, हाताने लिहिलेलं. अक्षर अजून तसंच, वेलांट्या टोपीसारख्या.

लिहितेस, "ताई, ते झोपणारे लोक दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीचे आहेत. ज्याने काळ म्हणजे मागचं-पुढचं धरून हालचालीची केलेली मोजणी असं म्हटलं, त्यानेच ते उदाहरण दिलं. मी वर्गात दरवर्षी शिकवते. त्यात तुझं काय आलं?"

आणि मग खाली, एक ओळ मोकळी सोडून, "तू त्या दिवशी झोपली होतीस का?"

चोराच्या मनात चांदणं. आई सारखं म्हणायची, तुला नाही, मलाच म्हणायची. डबा उघडा दिसला की "मी नाही खाल्लं" असं मीच आधी ओरडायची ना. मला वाटलं तू जाळं टाकलंस. माझ्या इतक्या वर्षांच्या संशयाला तू काही घातलंच नव्हतंस खायला. मीच माझा हात धरून मला चावडीवर आणलं.

अजून मनात येतं की हेसुद्धा तुझं नाटक असेल. दरवर्षी शिकवतेस कशावरून? पण तुझ्या पत्राच्या शेवटी जे आहे ते नाटकात कोणी लिहीत नाही. "सात वर्षं मला हेच दिसतं, की तू आत जागी बसून माझं दार वाजवणं ऐकते आहेस. आईची शेवटची वेळ एकटीला हवी म्हणून. बाकी काही नको. ऐकत होतीस की नाही, तेवढं सांग."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं मामांनी तुला सगळ्यांपुढे खोटी पाडली म्हणून तू रागावलीस. तू हे मनात घेऊन हिंडतेस हे मला माहीत नव्हतं.

उत्तर एका शब्दाचं आहे. लिहायला बसले, पण शिफ्टची वेळ झाली. उद्या लिहीन. उद्या लिहीन असं मी सात वर्षं म्हणते आहे, तेव्हा फार भरवसा ठेवू नकोस.

थोरली


२० मार्च, शुक्रवार

नाही. ऐकत नव्हते. झोपले होते.

झालं लिहून. आता बाकीचं.

त्या दिवशी पहाटे पाचपासून प्रेसवर उभी होते. एक बाई आली नव्हती, तिच्याही चादरी माझ्यावर. साडेअकराला घरी आले, शेजारीण बसली होती आईजवळ तिला पाठवलं, कडी लावली. बाराला आईला डाव्या कुशीवर केलं, पाठीशी उशी लावली, खूण केली. आईने डोळे उघडून बघितलं. बोलता तर येतच नव्हतं तिला. मी भिंतीला टेकून खाली बसले, पाय पलंगाच्या पायाला लावून, म्हणजे ती हलली तर मला कळेल. पाठ टेकावी एवढंच मनात होतं.

डोळा मिटला आणि उघडला. मधे काही नाही गं. स्वप्न नाही, आवाज नाही, काही नाही. आमच्या खिडकीसमोर भिंत आहे, ऊन कधी येतच नाही, उजेड होता तसाच. मला वाटलं दोन मिनिटं गेली. घड्याळात साडेपाच. मी घड्याळ बिघडलं म्हणून हलवून बघितलं. मग आईकडे बघितलं.

डाव्या कुशीवरच होती. बाराला ठेवली तशीच.

आता पुढचं वाच आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण. मी आधी आईजवळ गेले नाही. आधी तक्त्याजवळ गेले. दोरीला बांधलेली पेन्सिल होती, तिने दोनपुढे खूण केली, चारपुढे खूण केली. आईचे डोळे अजून उघडे होते. मग येऊन ते मिटले, तिला उताणी केली, आणि मग डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले किती वाजता गेल्या, मी म्हटलं सव्वाचार. तोंडाला आलं ते म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. तिच्या कागदावर आज सव्वाचार आहे. तुझा तो मोजणारा माणूस सांगतो ना, मोजणी म्हणजे काळ. मी मोजलं नाही आणि मोजलं म्हणून लिहिलं.

का केलं विचारशील. आठ महिन्यांत एक खूण चुकली नव्हती. नर्स इतरांना माझा तक्ता दाखवायची. शाळेत मला कोणी कधी बरोबरची खूण दिली नाही. तो तक्ता माझी वही होती. एवढंच. याहून मोठं कारण शोधलं, नाही सापडलं.

आणि हे शेवटचं, ते मी स्वतःलासुद्धा सांगत नाही. डॉक्टरांना बोलवायला दार उघडलं तेव्हा बाहेरच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली होती. आत फलाटीणचा झगा, मागून उघडा, बंद लावलेले, अंथरुणावरच्या माणसाला न उचलता घालता यावा असा. टाके तुझे होते. तू उलटी टीप घालतेस, मी ओळखते. म्हणजे तू आली होतीस, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. चार दिवसांनी मामांनी तक्ता वाचला तेव्हा ती पिशवी माझ्या ट्रंकेच्या मागे होती. "कोणी आलं नाही" असं मी म्हणाले तेव्हा मला माहीत होतं. तुझ्या तोंडाकडे बघून म्हणाले.

तेव्हा मला संशयी म्हणतात ते बरोबरच आहे. जिने असं केलं तिला सगळं जग तसंच करताना दिसतं. तुझ्या पाकिटाचा डिंकसुद्धा.

आता तुझ्या हातात आहे. रागाव, फाड, पुस्तकात घाल.

थोरली


३० मार्च, सोमवार

धाकटीस,

उत्तर आलं नाही. पत्र पोहोचलं नसेल, किंवा पोहोचलं असेल आणि तू ते कोणाला दाखवत असशील, किंवा वाचून बसली असशील. दहाही दिवस तिन्ही गोष्टी खऱ्या वाटल्या. मग म्हटलं, तू सात वर्षं थांबलीस, मी दहा दिवस थांबले तर काय झिजेन.

काल मामांकडे गेले. ऐकू येत नाही त्यांना आता, कानाशी ओरडून सांगावं लागतं. तेव्हा ओरडून सांगितलं. पूर्ण. जिन्यावर माणसं येऊन उभी राहिली, समोरची मशीनवर शिवत होती तिने मशीन थांबवली. मामा म्हणाले, "म्हणजे कागद खोटा होता?" मी म्हटलं, "कागद नाही हो, मी." त्यांना ऐकू गेलं नाही. परत ओरडले. तिसऱ्यांदा ऐकू गेलं. बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तिला मी बोलूच दिलं नव्हतं." आणि तुझा पत्ता मागितला. मी कॉलेजचा दिला, माझ्याकडे दुसरा नाही.

सोबत तक्ता पाठवते आहे. दोन आणि चारच्या खुणा खोडल्या नाहीत, खोडल्या असत्या तर तेही एक खोटंच झालं असतं. त्यांना गोल केलाय आणि बाजूला लिहिलंय, "झोपले होते". अक्षर वाकडं आहे, चालवून घे.

तुझी पानं पलंगाखालून काढून संपवली. चांगली आहेत. समजली. पान तेवीसवर एक शब्द जड आहे, तो बदल, बाकी कोणालाही समजेल. तिथेच तो मोजणीवाला माणूस विचारतो, मोजणारं कोणीच नसेल तर काळ असतो का? आणि तू पुढे लिहिलंयस की याचं उत्तर त्याने पक्कं दिलं नाही, लोक अजून वाद घालतात.

वाद कसला घालतात? असतो. बारा ते साडेपाच कोणी मोजत नव्हतं. मी झोपले होते, तू दाराबाहेर होतीस. त्यातच आई गेली. तुझं दार वाजवणं तिने ऐकलं असेल. तिला हाका ओळखू यायच्या, शेवटपर्यंत यायच्या. आत कोणी ऐकत होतं की नाही विचारलंस ना, तर ती असेल ऐकत. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मला माहीत नाही, म्हणून असेल म्हणते.

झगा ट्रंकेमागून काढला. सात वर्षांच्या घड्या पडल्यात, प्रेसखालीही जात नव्हत्या, मग घरी पाणी मारून हाताने इस्त्री केली. तो पाठवणार नाही. इथे खुंटीला आहे. बघायला ये.

दुपारी बारानंतर घरी असते. आता मी दुपारची झोपते, उघड सांगते. दार वाजव. नाही उघडलं तर आणखी वाजव, लाथ मार, शेजारणीला बोलव. पिशवी कडीला अडकवून जाऊ नकोस.

ताई